चेहरा नसलेल्यांचा वाली कोण?

निसर्गरक्षणाच्या व्यासपीठांवरून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो : लोकांच्या मनात भरेल असा एखादा भव्य प्राणी निवडावा, त्याच्या नावाने निधी उभारावा, त्याच्या आश्रयाने बाकीचे जीव आपोआप तरतील. हा युक्तिवाद सोयीचा आहे; खरा मात्र नाही.

इंडोनेशियातील कोमोडो ड्रॅगन पाहा. आपल्या घोरपडीचा हा तीन मीटरपर्यंत वाढणारा थोरला भाऊबंद. त्याच्यासाठी १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९९१ मध्ये त्या उद्यानाला जागतिक वारशाचा मान लाभला. त्याला पाहण्यासाठी लोक समुद्र ओलांडून जातात.

आता कॅरिबियन समुद्रातील एल्कहॉर्न प्रवाळ पाहा. सांबरशिंगांसारख्या त्याच्या फांद्यांना कोणी दगड म्हणतो, कोणी झाड. वस्तुतः ती असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत आहे. ती लाटांचा मारा अंगावर घेऊन किनारा राखते, माशांना घर देते. १९८० च्या सुमारास पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने तिची दाणादाण उडवली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ मध्येच या प्रवाळाला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. ड्रॅगन ‘संकटग्रस्त’ ठरला तो २०२१ मध्ये. म्हणजे अधिक आजारी कोण, हे उघड होते. पण प्रवाळाला डोळे नाहीत, जबडा नाही, छायाचित्रात शोभेल असा चेहरा नाही!

मग ज्याला चेहरा आहे, तो तरी सुरक्षित आहे काय? चढत्या तापमानामुळे व समुद्रपातळीमुळे पुढील ४५ वर्षांत ड्रॅगनचा अधिवास निदान ३० टक्क्यांनी घटेल, असा त्याच संघाचा अंदाज आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या तापलेल्या पाण्याने तेथील उरलेसुरले एल्कहॉर्न प्रवाळ जवळजवळ संपवले. उद्यानाची सीमा शिकाऱ्याला अडवील; उष्णतेला ती कशी अडवणार?

ड्रॅगनची मादी नराविना पिले देऊ शकते, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. प्रवाळाची तुटलेली फांदीही नव्याने रुजते. एकट्याने वंश टिकवण्याची ही विद्या दोघांनाही निसर्गाने दिली. आपण पेटवलेल्या कोळशापुढे आणि तेलापुढे ती थिटी पडते आहे.

म्हणून यापुढे कोणता प्राणी वाचवावा, हा प्रश्न पुरे झाला. कोणता धूर थांबवावा, ते बोला. लाडका प्राणी निवडून त्याच्याभोवती कुंपण घालणे म्हणजे घर पेटले असता देव्हारा तेवढा पुसून ठेवणे होय.