समुद्र, वरून पाहिलेला

दोस्तांनो, मालवणजवळच्या देवबागचा आकाशातून काढलेला फोटो पाहिलाय कधी? एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधे माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी. वाळूत उभं राहून हे कळतच नाही! पूर्वी अशा फोटोसाठी विमान नाहीतर हेलिकॉप्टर लागे. आता ड्रोन ते काम करतो.

अशा फोटोंत लाटांच्या पांढऱ्या रांगा नीट बघा हं. एखाद्या ठिकाणी रांग तुटलेली दिसते. तिथलं पाणी गडद, शांत. खाली उभ्या माणसाला वाटतं, वा, डुंबायला झकास जागा! छे! किनाऱ्यावर आलेलं पाणी बऱ्याचदा तिथूनच जोरात परत फिरतं. हा 'रिप करंट'. तो बुडवत नाही, पण खोल समुद्राकडे नेतो. त्याच्याशी झुंजून दमायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहायचं. हा प्रवाह बहुधा अरुंद असतो.

तारकर्लीला कयाक चालवा, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करा, मजा आहे! फक्त लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा. पावसाळ्यात मात्र हट्ट नको, हे खेळ तेव्हा बंद असतात. (आईबाबा, तुम्हीसुद्धा!)

आणि हो, किल्ल्याचाही वरून काढलेला फोटो शोधा. कुरटे बेटाच्या कडेकडेनं तट कसा नागमोडी गेलाय! काम सुरू झालं १६६४ साली. तेव्हा कुठला आलाय ड्रोन?