स्मरणिकेत न छापलेली शाळा

गावच्या शाळेची स्मरणिका निघालीय. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, मागं बियाण्याची जाहिरात. माजी विद्यार्थी म्हणून माझ्याकडूनही 500 रुपये घेतले. सूतगिरणीच्या पगारातनं दिले. तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क आहे मला.

पहिल्याच लेखात शाळेच्या चार इमारतींचा इतिहास आहे. आधी मारुतीचं देऊळ, मग चावडी, मग कौलारू शाळा, आता स्लॅबची. प्रत्येकीखाली देणगीदारांची नावं. ज्ञानाची गंगा अखंड वाहिली म्हणे. वाहिली असंल. कुणाच्या दारातनं?

शाळा देवळात भरायची, हे वाक्य किती सहज लिहिलंय बघा. देवळात भरायची म्हणजे आमच्यासाठी भरतच नव्हती. माझा पणजा पायरीखाली उन्हात बसायचा, असं आजा सांगायचा. आतला पाढा बाहेर ऐकू येईल तेवढाच शिकायचा. मास्तर त्याची पाटी हातात घेत नसे, लांबूनच बघायचा. चुकलं तर छडीसुद्धा नाही. विटाळ छडीतनं चढतो ना! ढेकूळ फेकून मारायचा.

हे एकट्या आमच्या गावचं नाही. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोरानं प्रवेश मागितला. नाही म्हणाले. त्यानं वर अर्ज केला, तर साहेबाच्या सरकारनंही बाकीच्यांचीच मर्जी सांभाळली. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब कोपऱ्यात गोणपाटावर बसले. शाळेचा गडी त्या गोणपाटाला शिवायचा नाही, म्हणून रोज घरी न्यायचं आणि रोज आणायचं. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. ठराव मुंबईत झाला, पायरी गावात होती.

मग शाळा चावडीत आली. चावडीपुढचं आंगण झाडायचं कुणी? आमच्या वेसकरानं. बापानं पहाटे झाडलेल्या त्याच आंगणात दिवसा पोरगं बसायचं. बाकीचे आत. स्मरणिकेत चावडीच्या सागवानी खांबांचं वर्णन एक अख्खा परिच्छेद आहे. आंगणाला एक ओळ नाही.

कौलारू शाळेचा दगड 1972 च्या दुष्काळातला. शिळेचा फोटो छापलाय: सभापती, सरपंच, ठेकेदार. माझ्या आजीनं सुकडी खाऊन त्या कामावर दगड फोडले. अंगठ्याचं नख गेलं ते पुन्हा नीट आलंच नाही. शिळेवर कुठाय ती? 1882 साली जोतिरावांनी हंटर कमिशनपुढं हेच मांडलं होतं, की पैसा राबणाऱ्याचा आणि शाळा वरच्यांच्या. त्याच्याही आधी, 1855 मध्ये, त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांना हाकलून मोठमोठ्या इमारती उठवल्या आणि त्यांच्या पायात आमचीच माणसं पुरली, हे तिनं तेव्हाच लिहून ठेवलंय. इमारतींचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तो निबंध एकदा वाचावा.

स्लॅबची शाळा माझ्या वेळची. बाक एक, रांग एक. मान्य. पण खिचडी शिजवायला आमच्या वस्तीतली बाई ठेवली, त्या आठवड्यापासून वरच्या आळीतली पोरं घरनं डबे आणायला लागली. स्मरणिकेत स्वयंपाकाच्या शेडचा फोटो आहे. बाईचा नाही.

आता ते डबेवाले या शाळेत नाहीत. त्या घरांतली पोरं पिवळ्या बसनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. स्मरणिका समितीतल्या किती जणांची नातवंडं आपल्या शाळेत आहेत? मी मोजली. एक पण नाही. पटावर उरलीत बौद्धवाड्यातली, मातंगवस्तीतली आणि ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवरची. घर रिकामं झाल्यावर आम्हाला दार सताड उघडलं. आणि आत आम्हीच उरलो तसं सरकारला पट मोजायचं सुचलं! 2017 मध्ये राज्य सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून पोरं जवळच्या शाळेत घालायचं ठरवलं. शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा. पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत पाहिजे, असं त्याचे नियम सांगतात. जवळची शाळा नकाशावर जवळच असती, बाबांनो. नकाशातला ओढा पावसाळ्यात भरत नाही.

आमच्या शाळेचा पट आज 11 आहे. हा आकडा स्मरणिकेत कुठंच नाही.

समितीकडं पैसे उरलेत आणि त्यातनं शाळेला कमान बांधायचं चाललंय, असं ऐकतो. कमान नको. भट्टीवरच्या पोरांना पावसाळ्यात ओढ्यावरनं आणायला गाडी करा. आणि अध्यक्षसाहेब, तुमचा नातू जूनमध्ये पहिलीला जाणार आहे. त्याला इथं घाला. पट 12 होईल.