डब्यातल्या दुधाचा ‘फॅट-एसएनएफ’ कोण पाहतं? पावडरच्या दुधात काय असतं अन् बाळाच्या वाढीवर त्याचा काय परिणाम होतो?

श्रीगोंदा : संकलन केंद्रावर दूध घातलं की शेतकऱ्याची नजर आधी पावतीवर जाते. फॅट किती लागला, एसएनएफ किती? गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ ही दराची मोजपट्टी तालुक्यात शाळकरी पोरांनाही पाठ असते. त्याच घरात तान्ह्या बाळासाठी मेडिकलमधून आणलेल्या पावडरच्या डब्याची मागची बाजू मात्र सहसा कुणी वाचत नाही. खरं तर बाळाचं वजन ठरवणारे आकडे तिथेच छापलेले असतात.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, यावर डॉक्टरांमध्ये दुमत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार देशात सहा महिन्यांखालील 63.7 टक्के बाळं केवळ आईच्या दुधावर आहेत. प्रश्न उरलेल्यांचा आहे. कुठे आई आजारी असते, कुठे दूध कमी पडतं. मग गोठ्यातलं दूध की डबा, असा पेच पडतो.

घरची गाय असताना डबा कशाला?

आईच्या 100 मिली दुधात प्रथिनं साधारण 1 ग्रॅम असतात. गायीच्या दुधात ती 3 ग्रॅमच्या वर जातात, म्हशीच्या दुधात आणखी जास्त. वासरू काही महिन्यांत उभं-आडवं वाढतं, त्याच्यासाठी हे ठीक. तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडावर मात्र जादा प्रथिनं आणि क्षारांचा ताण येतो. शिवाय गायीच्या दुधात लोह नगण्य असतं, त्यामुळे रक्तक्षयाचा धोका राहतो.

‘पाणी घालून पातळ करू’ हा घराघरातला उपाय. निम्मं पाणी घातलं की प्रथिनं दीड ग्रॅमवर येतात खरी, पण स्निग्धांश आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोजही निम्मं होतं. आईच्या 100 मिली दुधातून 65 ते 70 किलोकॅलरी मिळतात, या मिश्रणातून जेमतेम 33. बाळाचं पोट भरतं, वजन वाढत नाही.

फॉर्म्युला म्हणजे हेच गणित कारखान्यात दुरुस्त केलेलं दूध. प्रथिनं कमी करतात, लॅक्टोज वाढवतात, दुधाच्या चरबीऐवजी बहुधा वनस्पती तेलं वापरतात, लोह आणि जीवनसत्त्वं मिसळतात. पचायला सोपं व्हावं म्हणून अनेक कंपन्या व्हे प्रथिनंही घालतात. गंमत म्हणजे मार्च 2023 मध्ये श्रीगोंदा तालुक्यात उघड झालेल्या दूध भेसळीतही व्हे पावडरच होती, सोबत लिक्विड पॅराफिन. फरक मोजमापाचा आणि हेतूचा. आईच्या दुधातली रोगप्रतिकारक द्रव्यं मात्र कोणत्याच डब्यात येत नाहीत.

जास्त प्रथिनं म्हणजे जास्त ताकद?

हा समज युरोपातल्या पाच देशांत झालेल्या अभ्यासाने खोटा ठरवला. काही बाळांना जास्त प्रथिनांचा, तर काहींना कमी प्रथिनांचा फॉर्म्युला देण्यात आला. सहाव्या वर्षी पहिल्या गटात 10 टक्के मुलं लठ्ठ निघाली, दुसऱ्या गटात 4.4 टक्के. गुटगुटीत बाळ म्हणजे निरोगी बाळ, हे समीकरण म्हणूनच तपासून पाहावं लागतं.

साखरेचा वाद नेमका कशाचा?

एप्रिल 2024 मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेच्या अहवालाने खळबळ उडाली. भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर आढळली. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये तसं नव्हतं. पाच वर्षांत साखर 30 टक्क्यांपर्यंत कमी केल्याचं नेस्लेने सांगितलं. पण सेरेलॅक हा सहा महिन्यांनंतरचा पूरक आहार आहे, फॉर्म्युला नव्हे. फॉर्म्युलासाठीचे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम वेगळे आहेत. त्यात लॅक्टोजला प्राधान्य आहे. डब्यावर ‘सुक्रोज’ दिसलं, तर डॉक्टरांना जरूर विचारावं.

खरी गडबड चमच्यात

बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं. पाच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण 750 मिली दूध लागतं, म्हणजे 25 चमचे. एका चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास पावडर धरली, तर 400 ग्रॅमचा डबा साडेतीन दिवसांत संपतो. महिन्याला आठ-साडेआठ डबे! मजुरीवर चालणाऱ्या घराला हे झेपत नाही. डबा पुरवायचा म्हणून 30 ऐवजी 60 मिली पाणी घातलं जातं आणि मग कंपनीने कितीही काटेकोर मिश्रण बनवलेलं असो, बाळाला मिळतं ते अर्धं दूध. पाणी फार जास्त झालं तर रक्तातलं सोडियम घटून झटकेही येऊ शकतात. उलट चमचा शिगोशीग भरला की बद्धकोष्ठता आणि शरीरातलं पाणी कमी होण्याची भीती.

पावडर निर्जंतुक नसते, हेही अनेकांना ठाऊक नसतं. उकळलेलं पाणी 70 अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर मिसळावी आणि मग दूध कोमट करून पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, तो नीट धुता येतो.

रीलमधल्या जाहिरातीचं काय?

1992 च्या कायद्याने (2003 मध्ये तो आणखी कडक झाला) दोन वर्षांखालील बाळांच्या दुधाची आणि आहाराची जाहिरात, मोफत नमुने, डब्यावर बाळाचा फोटो हे सगळं बंद आहे. त्यामुळे मोबाइलवर कुणी डब्याची शिफारस करत असेल, तर तिच्याकडे जाहिरात म्हणूनच पाहिलेलं बरं.

अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेषा आडवी झाली, तर डब्याचा ब्रँड बदलण्याआधी अंगणवाडी सेविकेला किंवा डॉक्टरांना दोन गोष्टी सांगाव्यात : दिवसाला किती चमचे आणि किती पाणी.