थळचा युरिया आणि पेणचा चिखल

खरीप तोंडावर आला की युरियाची ओरड सुरू होते. गोणी वेळेवर मिळत नाही, मिळालीच तर तिच्याबरोबर नको असलेले दुसरे खत गळ्यात बांधले जाते. ह्या तक्रारी रास्त आहेत आणि त्यांसाठी तहसील कचेरीवर मोर्चा नेणाऱ्या कार्यकर्त्यांचे काही चुकते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु गोणी घरी आल्यानंतर तिच्यातील खताचे पुढे काय होते, हा प्रश्न कोणत्याही मोर्च्यात विचारला जात नाही. त्याचे उत्तर लाजिरवाणे आहे. भाताच्या खाचरात मुठीने फेकलेल्या युरियातील नत्राचा निम्म्याहून मोठा भाग पिकाच्या तोंडी लागतच नाही. पेण आणि रोहे ह्या तालुक्यांतील शेतकरी तीन गोण्यांचे पैसे मोजतो, तेव्हा त्यांतील दीड ते दोन गोण्या तो हवेला आणि खाडीला दान करीत असतो.

ह्यात गूढ असे काही नाही. युरिया पाण्यात विरघळला की काही दिवसांतच त्याचे अमोनियात रूपांतर होते. त्यातला काही भाग पाण्याच्या पृष्ठभागावरून उडून जातो. काही भाग चिखलाच्या अगदी वरच्या, प्राणवायू असलेल्या पातळ थरात नायट्रेट बनतो. हे नायट्रेट खाली झिरपले की प्राणवायूरहित चिखलातील जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. उरलेसुरले नत्र एखाद्या मोठ्या पावसात खाचर भरून बांधावरून वाहू लागले की ओढ्याला जाते. जपानमधील शिओइरी नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारासच ह्या नाशाचा उलगडा केला होता. उपायही त्याच उलगड्यात होता: खत वर फेकू नका, खाली पुरा. प्राणवायू नसलेल्या थरात अमोनिया अमोनियाच राहतो, मातीच्या कणांना धरून बसतो आणि मुळे त्याच्यापर्यंत पोहोचतात. भारतात १९५३ पासून 'जपानी भातशेती'ची मोठी सरकारी मोहीम निघाली. ओळीतील लावणीचा गाजावाजा झाला, पण खत चिखलात खोल पुरण्याची रीत काही रुजली नाही.

ती रुजविण्याचा खरा प्रयत्न महाराष्ट्रात केला तो डॉ. नारायण सावंत ह्यांनी. अमेरिकेतील अलाबामा राज्यात असलेल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात त्यांनी ह्या विषयावर काम केले आणि कोकणच्या छोट्या खाचरांना पेलेल अशी पद्धत बसविली. तिला 'चारसूत्री' म्हणतात. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळणे व पेंढ्याचा पुनर्वापर करणे हे पहिले सूत्र, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे हे दुसरे, नियंत्रित लावणी हे तिसरे आणि युरिया व डीएपी ह्यांची दाबून केलेली गोळी पुरणे हे चौथे. ह्यातील पहिल्या तीन सूत्रांना परदेशी चलन लागत नाही, हे आधी नोंदवून ठेवले पाहिजे.

तिसरे आणि चौथे सूत्र एकमेकांत गुंतलेले आहे. लावणी दोरीवर करावयाची, पण अंतर सारखे ठेवावयाचे नाही. एकदा १५ सेंटीमीटर, एकदा २५ सेंटीमीटर, असे दोन्ही दिशांना आलटून पालटून. त्यामुळे शेतात चार चार चुडांचे छोटे चौकोन तयार होतात. लावणी झाल्याबरोबर प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी सात ते दहा सेंटीमीटर खोल चिखलात दाबावयाची. झाले. पुन्हा हंगामात नत्राचा दुसरा हप्ता नाही. हेक्टरी चौकोन होतात ६२,५०० आणि गोळ्यांचे एकूण वजन भरते सुमारे १६९ किलो, म्हणजे एकरी ६८ किलो. गोळीत युरिया ६० टक्के आणि डीएपी ४० टक्के असते. ह्या मात्रेत जेवढे नत्र पडते, त्याहून कितीतरी अधिक नत्र फेकून मिळणारे पीक ह्या पद्धतीने पदरात पडू शकते. गोळी करण्याचे यंत्रही काही अगडबंब नाही. खाचा पाडलेले दोन लोखंडी रूळ, वर एक नरसाळे आणि खाली छोटी मोटार. एखाद्या भातगिरणीच्या पडवीत ते मावते. हलक्या, पाणी झपाट्याने झिरपणाऱ्या जमिनीत ही पद्धत तितकी फळत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाशी, वढाव, दादर ह्या पेणच्या खारपट्ट्यातील भारी चिखल ह्या गोळीसाठीच घडविला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ साली पचमढी येथे छोट्या यंत्राचा आग्रह धरला, तो अनेकांनी चरख्याची नवी आवृत्ती म्हणून हसण्यावारी नेला. त्यांना अभिप्रेत असलेले छोटे यंत्र कसे असते हे पाहावयाचे असेल, तर हे गोळी पाडणारे रूळ पाहावेत.

मग ही पद्धत घरोघर का पोहोचली नाही? कृषिखात्याच्या शिफारशींत चारसूत्री आहे. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने 'कोकण अन्नपूर्णा' ह्या नावाने ब्रिकेट काढली. प्रात्यक्षिके झाली, घडीपत्रिका छापल्या गेल्या. आणि बहुसंख्य शेतकरी मूठ फेकतच राहिला. ह्यावर अधिकारीवर्गाचे ठरलेले उत्तर असते, की शेतकरी परंपराप्रिय आहे. ज्या शेतकऱ्याने संकरित बियाणे, पॉवर टिलर आणि मोबाईल फोन विनातक्रार स्वीकारला तो केवळ गोळीपुरता परंपराप्रिय कसा ठरतो, हे कोडे त्या अधिकाऱ्यांनीच सोडवावे.

खरे कारण अर्थव्यवहारात आहे. रायगड जिल्ह्यातच, पेणच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात, थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ह्या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा अवाढव्य कारखाना उभा आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास तो सुरू झाला आणि वर्षाला सुमारे वीस लाख टन युरिया तयार करण्याची त्याची क्षमता आहे. शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. उत्पादनखर्च आणि ही किंमत ह्यांतील फरक केंद्र सरकार उत्पादकाला टनामागे अनुदान म्हणून देते. २०२२–२३ आणि २०२३–२४ ह्या दोन्ही वर्षी केवळ युरियावरील हे अनुदान प्रत्येकी एक लाख कोटी रुपयांच्या वर गेले. ह्या व्यवस्थेत टन विकला की अनुदान मिळते. टन वाचविला तर कोणाला काहीच मिळत नाही. विक्रेत्याला दलाली नाही, कारखान्याला परतावा नाही, जाहिरातदाराला काम नाही. ज्या तंत्राने माल कमी खपतो, ते तंत्र विकावयास बाजारात कोणी उभे राहत नाही. बाजाराचा हा स्वभावच आहे. अशा ठिकाणी सार्वजनिक क्षेत्राने पुढे यावयाचे असते, त्यासाठीच तर ते निर्माण केले गेले. पण थळचा कारखाना आणि पेणचे खाचर ह्यांच्यामधील अंतर मैलांत मोजता येत नाही.

सरकारला नासाडी कळत नाही असेही नाही. २०१५ साली देशी युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. २०१८ साली ५० किलोची गोणी ४५ किलोंची झाली, कारण शेतकरी गोण्या मोजतो, किलो मोजत नाही, असे दिल्लीतील शहाण्यांचे मत पडले. पुढे गंधकाचा लेप दिलेला युरिया ४० किलोंच्या गोणीत त्याच किमतीला आला. लेप कारखान्यात देता येतो, गोणी कारखान्यात लहान करता येते. म्हणून ह्या सुधारणा तातडीने होतात. शेतात उतरावे लागेल अशी सुधारणा आली की फाईल थांबते.

आणि मग २०२१ साली नॅनो युरिया आला. अर्ध्या लिटरची बाटली ४५ किलोंच्या गोणीला पर्याय आहे, असे देशभर सांगण्यात आले. बाटलीत नत्र चार टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. गोणीत ते २० किलोंहून अधिक असते. हजारपटीचा हा फरक पानांवरील फवारणीने भरून निघेल, ह्या दाव्याची कसून परीक्षा होण्याआधीच सहकारी सोसायट्यांच्या फळ्यांवर बाटल्या रांगेने उभ्या राहिल्या. पुढे पंजाब कृषि विद्यापीठाने दोन वर्षे प्रयोग केले. शिफारशीच्या निम्मे नत्र आणि सोबत नॅनो युरियाच्या फवारण्या, असे केल्यावर भाताचे उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे २१ टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यांत आढळले. उत्पादकांना हे निष्कर्ष मान्य नाहीत. त्यांनी अधिक प्रयोग जरूर करावेत. मुद्दा असा की बाटलीमागे कारखाने, जाहिराती, ड्रोन आणि खुद्द पंतप्रधानांचे उद्‌घाटन उभे राहिले. गोळीमागे घडीपत्रिका!

आता गोळीवरचा जो खरा आक्षेप आहे, त्याकडे वळले पाहिजे. तो शेतकऱ्यांचा नाही, शेतात वाकणाऱ्या बाईचा आहे. एकरी पंचवीस हजार गोळ्या हाताने पुरावयाच्या. मिनिटाला दहा गोळ्या असा वेग धरला आणि आठ तास कंबर सरळ केली नाही, तरी एका व्यक्तीला पाच दिवसांहून अधिक लागतात. मूठ फेकण्याचे काम तासा-दोन तासांचे. लावणीने आधीच कंबर मोडलेली स्त्री हे काम कशाला अंगावर घेईल? आणि मजुरी देऊन करावयाचे म्हटले तर नागोठणे, डोलवी आणि धाटावच्या कारखान्यांमुळे मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. वाचलेल्या युरियाची सरकारी किंमत इतकी थोडी, की त्यातून ही मजुरी निघत नाही. म्हणजे राष्ट्राचा फायदा अफाट आणि कुटुंबाचा जवळपास शून्य. चारसूत्रीच्या पुरस्कर्त्यांनी ह्या बाईच्या श्रमाचा हिशेब पुरेशा गांभीर्याने केला नाही, हा त्यांच्यावरील आरोप रास्त आहे. समाजवादी म्हणविणाऱ्यांनीही तो केलेला नाही.

पण हा आक्षेप तंत्र टाकून देण्यास सांगत नाही. ते अपुरे आहे, एवढेच सांगतो. कमतरता आहे ती एका अवजाराची. चिखलात ओढता येईल, बाईला उभ्याने चालविता येईल, गोळी नेमक्या खोलीवर सोडून वरचे भोक बुजवील आणि चिखलाने तुंबणार नाही, असे हलके दोन ओळींचे अवजार. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आणि बांगलादेशात अशी हातअवजारे करण्याचे प्रयत्न झाले आहेत. बांगलादेशात तर ही गोळी 'गुटी युरिया' ह्या नावाने खेड्यापाड्यांत गेली आणि ती पाडणारी यंत्रे तेथील छोट्या कर्मशाळांत बनू लागली. जपानात लावणी करतानाच रोपाशेजारी चिखलात खत सोडणारी यंत्रे सर्रास चालतात, परंतु ती वीस गुंठ्यांच्या, चार पायऱ्यांच्या खाचरात वळतही नाहीत. दुसरी अडचण कोकणची स्वतःची आहे. आषाढाच्या दमट हवेत युरियाची गोळी ओलावा ओढून घेते व भुगा होते. तिच्यासाठी साठवणीचा स्वस्त उपाय हवा. हे प्रश्न अणुभट्टीचे नाहीत. माणगाव तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ते रोह्याच्या शेजारी आहे. दापोलीला कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. कर्जतला भात संशोधन होते, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे भाताचे वाण दिले आहेत. आसपास एवढी बुद्धी असताना हे अवजार होत नाही, कारण ते करा असे त्यांना कोणी सांगत नाही आणि त्यासाठी पैसा देत नाही.

प्रयोगासाठी रोह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडवून झालेल्या धरणाचे पाणी भिरा येथे वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना जाते. त्या पाण्यावरील उन्हाळी भाताला अतिवृष्टीचा धोका नाही, खाचरातील पाण्याची उंची शेतकऱ्याच्या हाती आणि हवा कोरडी. अवजार आधी तेथे पारखावे, मग खरिपात पेणला आणावे. पेणची गोष्ट पहिल्या सूत्राचीही आहे. पोह्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या गावी गिरण्यांतून तूस निघते, आणि त्याच्या राखेतील सिलिका रोपाला टणक करून खोडकिड्याला तोंड देण्याचे बळ देते. इकडे राब भाजण्यासाठी शेतकरी झाडांचा पाला ओरबाडतो आहे. गिरणी आणि रोपवाटिका ह्यांची गाठ घालण्यास कोणते संशोधन हवे? एक बैलगाडी पुरे.

सेंद्रिय शेतीच्या कैवाऱ्यांना ह्या गोळीत रसायनाचा वास येतो आणि काही डाव्या मित्रांना अलाबामाचा. पहिल्यांनी गिरिपुष्पाचे सूत्र पुन्हा वाचावे. दुसऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की जे तंत्र मक्तेदाराला नफा देत नाही म्हणून अडगळीत पडले ते साम्राज्यवादी कसे, हे सिद्ध करणे जड जाईल.

पेण तालुक्यातील शेतकऱ्यांनी विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध लढा दिला. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत त्यावर सार्वमत घ्यावे लागले आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. जमीन राखली गेली. पण भात परवडत नाही म्हणून ती पडीक ठेवली जाऊ लागली, तर जी जमीन अंबानींना दिली नाही ती तुकड्यातुकड्याने दलालांना जाईल, आणि त्या वेळी सार्वमतही होणार नाही.

म्हणून येत्या खरिपाच्या मोर्च्यात गोणीबरोबर गोळीही मागितली पाहिजे. थळच्या कारखान्याने गोळी पाडणारी यंत्रे ह्या दोन तालुक्यांतील महिला बचत गटांना द्यावीत, गोळी अनुदानित खताच्याच दराने मिळावी, वाचलेल्या अनुदानातून गोळी पुरण्याची मजुरी द्यावी आणि लोणेरे व दापोली ह्यांना मुदत घालून अवजाराचे काम सोपवावे. आरंभ एक हजार हेक्टरांनी करावा. त्यासाठी गोळ्या लागतील १६९ टन आणि त्यांतील युरिया सुमारे १०१ टन. थळचा कारखाना तेवढा युरिया एका तासाच्या आत तयार करतो.