पंधरा दिवसांची नोटीस कुठाय?

दिवाळी सरली की आपली अर्धी वाडी वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जाते. शिमग्याला कोणी घरी आला तर मीटरची वायर तोडलेली. विचारलं तर म्हणतात, "बिल भरलं नाय, लाईट कट केली." बिल थकलं होतं, ते आम्ही नाकारत नाही. पण तोडायचीही रीत कायद्यात आहे.

वीज कायदा २००३, कलम ५६. पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. वायरमन तोंडानं सांगून गेला, ती नोटीस नव्हे. मात्र घरात कोणी नसलं तर दारावर चिकटवलेली नोटीसही कायद्याला चालते. आपण भट्टीवर, कागद दारावर, आणि पंधरा दिवस तिकडं सरतात. म्हणून वाडीत मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, शाळेतल्या पोरांना सांगून जा: दारावर कागद दिसला की फोन करायचा. कागद नसताना लाईट तोडली तर तारीख लिहून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

बंद झोपडीला भलतंच बिल आलं तर त्याच कलमात वाट आहे. हरकत लिहून द्यायची आणि मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरायची. मागितलेली रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

मंत्र्यांच्या शब्दावर बसू नका. लॉकडाऊनच्या बिलांवरून ओरड झाली, तेव्हा २ मार्च २०२१ ला उपमुख्यमंत्री अजित पवारांनी विधानसभेत वीजतोडणीला स्थगिती दिली. १० मार्चला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, ती उठवली. आठ दिवस!

आपल्याला यात जास्त धोका आहे. पुष्कळ कातकरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर वसल्यात. लाईटबिलानं जमीन नावावर होत नाही, पण आपण इथं राहतो हे दाखवणारा तो आपल्या नावाचा कागद आहे. मीटर कायमचा काढून नेला की नव्या जोडणीला "जागामालकाची संमती आणा" म्हणतात. कलम ४३ मध्ये तर मालक किंवा ताबेदार, दोघांनाही वीज मागता येते असं लिहिलंय. जुनी बिलं चुलीत घालू नका. यंदा भट्टीवर जायच्या आधी वाडीच्या बैठकीत प्रत्येकानं आपलं शेवटचं बिल आणावं, हरकतीचे अर्ज तिथंच भरून घेऊ.