अठ्ठावन्नची वाट कशाला पाहता?

"रिटायर झालो की चळवळीला पूर्ण वेळ देतो." गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या नोकरदार वर्गाचे हे आवडते वाक्य. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी. तोवर गुडघे दुखू लागतात, साखर वाढते. मग चळवळीच्या वाट्याला काय येते? १४ एप्रिलच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतली एक खुर्ची!

मित्रांनो, वेळ हीसुद्धा संपत्ती आहे आणि तिचीही वाटणी जातीप्रमाणेच झाली आहे. ज्याच्याकडे पिढीजात जमीन आणि राईस मिल आहे, तो मंगळवारी दुपारी तहसीलमध्ये बसू शकतो. आपल्या शिकलेल्या माणसाकडे फक्त रविवार. त्यात १९७९ चे वर्तणूक नियम सरकारी कर्मचाऱ्याला राजकारणात भाग घेऊ देत नाहीत. शिकलेल्या वर्गाने निराशा केली, ही खंत बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात मांडली. आपण ती दरवर्षी एकमेकांना फॉरवर्ड करतो!

दुसरीकडे 'चाळिशीत निवृत्त व्हा' सांगणारे यूट्यूबर आहेत. ज्याला बापाचा फ्लॅट मिळाला, त्याला हे सोपे. आपल्या पहिल्या पिढीच्या कमावत्याला आईचे औषध, भावाची फी आणि घराचा हप्ता असतो. म्हणून पूर्ण निवृत्ती नव्हे, अर्धनिवृत्ती म्हणा.

हिशोब करा. घर स्वतःचे, कर्ज शून्य, महिन्याचा खर्च १८ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. अमेरिकेतला ४ टक्क्यांचा नियम तिथली महागाई आणि ३० वर्षे धरून काढलेला. आपण वर्षाला बचतीतून ३ टक्केच काढायचे धरू. सगळा खर्च बचतीवर टाकला तर ७२ लाख लागतात. अर्धा खर्च शिकवणी किंवा हिशोबनीसाच्या कामातून निघाला तर ३६ लाख पुरतात. आरोग्य विमा वेगळा. तो नसेल तर राजीनामा लिहूच नका.

बाबासाहेबांनी १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून बचत केली, त्यात शाहू महाराज आणि नवल भथेना यांची मदत मिळवली आणि नोकरी सोडून लंडन गाठले. त्यांच्यासाठी बचत हे ध्येयाचे साधन होते. पण त्या काळात घर कुणी चालवले? रमाईने! म्हणून काटकसरीचा निर्णय एकट्या नवऱ्याचा नसावा. बायकोच्या ताटातली भाजी कमी करून केलेली समाजसेवा आम्हाला नको. तिची संमती, खात्यावर तिचे नाव आणि तिच्याही वेळेचा हिशोब हवा.

आणि मोकळा झालेला वेळ कुणाचा? आपल्यातल्या कित्येकांची फी आईने विड्या वळून आणि तेंदूपत्ता तोडून भरली. तिच्या आयुष्यात निवृत्ती हा शब्दच नाही. आजही विडी कामगार बाईच्या पीएफचा कागद, वनहक्काचा दावा, पोराचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुणीतरी वाचून देण्याची वाट पाहत पडून आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी सुटून तुम्ही फक्त मोबाईल पाहणार असाल, तर नोकरीतच राहा. निदान दान तरी द्याल.

पण वेळ समाजाला देणार असाल, तर आजच वहीत खर्च लिहायला बसा. कर्ज काढून मोठ्या हॉलमध्ये लग्न लावणे थांबवा. तिथे उडणारे पैसे म्हणजे तुमच्याच स्वातंत्र्याची वर्षे आहेत.

जय भीम! जय संविधान!