ओ न देणारी मनी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला. आरोपी होती आमची मनी. तिनें सायीचें पातेलें उपडें केलें, हा अपराध उघडच होता. पण वहिनींचा खरा आक्षेप निराळा होता. “चार वर्षें खाऊं घातलें, पण हाक मारली तर ढुंकून पाहत नाहीं. असलें कृतघ्न जनावर नदीपलीकडे सोडून या,” असें त्यांचें म्हणणें. धाकट्या नातवाचे डोळे भरून आले. निवाड्याचें काम मजकडे आलें. पंचतंत्रांतील मार्जार न्यायाधीश होऊन वादी-प्रतिवादी दोघांनाही खातो; तेव्हां माझें मनही मांजराविषयीं आधींच कलुषित होतें.

तथापि पुरावा पाहावा म्हणून कांहीं वाचन केलें. अमेरिकेंत एडवर्ड थॉर्नडाइक ह्यांनीं मांजरांच्या बुद्धीची जी परीक्षा घेतली, तिचा प्रबंध १८९८ सालीं प्रसिद्ध झाला. भुकेलें मांजर पेटींत कोंडावें, बाहेर खाद्य ठेवावें आणि तें किती वेळांत सुटतें हें मोजावें. मांजरें धडपडतां धडपडतां सुटत व पुढें हळूहळू कमी वेळांत सुटूं लागत. हीं विचारानें शिकत नाहींत, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. परंतु ही कोंडलेल्या, उपाशी जीवाची परीक्षा. आपल्या माणसांत तो कसा वागतो, हा प्रश्न तींत नव्हता.

तो प्रश्न जपानांत विचारला गेला. आत्सुको साइतो व काझुताका शिनोझुका ह्यांनीं २० पाळीव मांजरांना मुद्रित केलेल्या हाका ऐकविल्या. त्यांचा निबंध २०१३ सालचा. प्रथम तीन परक्यांच्या हाका, नंतर धन्याची. परक्या आवाजांना विटूं लागलेलीं मांजरें धन्याचा आवाज येतांच पुनः कान टवकारीत, मान वळवीत. मात्र जागचीं उठत नसत. पुष्कळ मांजरें इतर शब्दांतून आपलें नांव वेगळें ओळखतात, हें साइतो ह्यांनीं २०१९ सालीं दाखविलें. नांव म्हणजे ‘मी’, असें त्यांना कळतें हें ह्यावरून ठरत नाहीं. ती खाऊची खूणही असूं शकेल. पण ऐकणें आणि ओ देणें ह्या भिन्न क्रिया आहेत, एवढें निश्चित.

सायंकाळीं मनी ओटीवर डोळे मिटून पडली होती. माजघरांतून मीं हाक मारली, नातवानें मारली, कांहीं नाहीं. मग वहिनींनीं दाराआडून हाक मारली आणि मनीचा डावा कान तिकडे वळला. “ऐकते तर मेली!” एवढेंच वहिनी म्हणाल्या.

मला मात्र निराळीच आठवण झाली. माझ्या वर्गांत शेवटच्या बांकावर एक मुलगा बसे. प्रश्न विचारला कीं तो खालीं पाही. मीं प्रगतिपुस्तकांत ‘मंद’ असा शेरा मारला. पुढील वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. कित्येक वर्षांनीं बाजारांत भेटला, तेव्हां मीं शिकविलेलीं शब्दरूपें त्यानें हंसत हंसत बिनचूक म्हणून दाखविलीं. त्याला सर्व ऐकूं येत होतें. कान कोणीकडे वळतो, हें पाहण्याची दृष्टि मजपाशीं नव्हती.

मनी घरींच राहिली. पातेल्याच्या झांकणावर आतां वरवंटा असतो. वाचकहो, आपल्याही घरांत ओ न देणारें कोणी असेल. त्यास कृतघ्न किंवा मंद ठरविण्यापूर्वीं क्षणभर त्याच्या कानाकडे पाहावें, एवढीच विनंती.